कडुनिंबावरची गुळवेल: एका काविळीचा माग काढताना

हे प्रकरण घरच्यांच्या परवानगीने लिहिलं आहे. गाव, नाती आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तपासण्यांचे आकडे आणि घटनांचा क्रम तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

काकू म्हणजे माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची आई. वय ५७, तालुक्याच्या गावी थोरल्या मुलाकडे, म्हणजे दादाकडे राहतात. थायरॉइडची गोळी बारा वर्षांपासून चालू, बाकी तब्येत खणखणीत. मैत्रीण पुण्यात. मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना लेख शोधून देणं हे माझं रोजचं काम. मी डॉक्टर नाही. पुढे या प्रकरणात दोनदा मला हे मोठ्याने सांगावं लागलं.

२०२१ चा जून. कोविडच्या दुसऱ्या लाटेत त्यांच्या आळीतली माणसं गेली होती, घराघरात भीती होती. अशात कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश आला. आयुष मंत्रालयाने सांगितलेला गुळवेलीचा काढा, रोज सकाळी उपाशीपोटी, घरातल्या सर्वांनी घ्यावा, दुष्परिणाम शून्य. दादाच्या परसात कडुनिंब आहे आणि त्यावर गुळवेल चढलेली. निंबावरची गुळवेल सगळ्यात गुणाची, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. दादा रोज वीतभर कांडं तोडायचा, वहिनी ते ठेचून दोन पेले पाण्यात एक पेला होईपर्यंत आटवायच्या.

कडूपणापायी वहिनींनी चौथ्या दिवशी हात टेकले. दादा आठवड्यातून दोन-तीनदा घ्यायचा. काकूंनी मात्र सात आठवडे एक दिवस चुकवला नाही. जुलैच्या पावसात परसात जाणं जिवावर यायला लागलं, तेव्हा दादाने दुकानातून घनवटीची, म्हणजे गुळवेलीच्या अर्काच्या गोळ्यांची, बाटली आणली. मग सकाळी काढा किंवा गोळ्या, कधी दोन्ही.

काय झालं

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात काकूंची जेवणावरची वासना गेली. थकवा आधीपासून होता, पण तो उपासांच्या नावावर खपला. मग लघवी गडद व्हायला लागली. एका सकाळी वहिनींनी चहा देताना त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आई, जरा खिडकीपाशी या बरं." बुबुळांभोवती हळदीसारखा पिवळा रंग होता.

गावच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. बिलिरुबिन, म्हणजे ज्याने डोळे पिवळे दिसतात तो घटक, ८.४. एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, १,१२०. हा दुसरा आकडा साधारण चाळिशीच्या आत असायला हवा. पावसाळ्याचे दिवस, गावात पाण्याची बोंब, त्यामुळे डॉक्टरांनी आधी दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीचा संशय धरला. त्यात चूक काहीच नव्हती. त्यांनी हिपॅटायटिसच्या 'ए', 'बी', 'सी' आणि 'ई' या चारही विषाणूंच्या तपासण्या लिहून दिल्या. रिपोर्टला तीन दिवस लागणार होते.

"आणखी काही औषध घेता का?" हेही त्यांनी विचारलं होतं. काकूंनी थायरॉइडची गोळी सांगितली. काढा सांगितला नाही, कारण काढा म्हणजे औषध हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं, म्हणून दोषही देता येत नाही.

तीन दिवसांत तीन शोध

खरं प्रकरण या तीन दिवसांत घडलं, म्हणून इथे थोडं थांबते.

पहिला शोध दादाचा. त्याने मोबाइलवर टाइप केलं: 'काविळीवर घरगुती उपाय'. उसाचा रस, मुळ्याच्या पानांचा रस, भुईआवळा आणि चौथ्या क्रमांकावर गुळवेल. त्याचा जीव भांड्यात पडला. घरात गुळवेल चालूच होती, मग मात्रा वाढवू या! त्या संध्याकाळी काकूंना काढ्याचा दुसरा पेला मिळाला.

यात दादाचा मूर्खपणा नव्हता. आयुर्वेदात गुळवेल म्हणजे गुडूची काविळीवर सांगितली आहे, ते त्या पानांवर खरंच लिहिलेलं होतं. त्याने 'उपाय' विचारला, त्याला उपाय मिळाले. 'आईला कावीळ कशाने झाली' हा प्रश्न त्याने विचारलाच नव्हता, त्यामुळे त्याचं उत्तरही कुठे आलं नाही.

दुसरा शोध मैत्रिणीचा. फोनवर वहिनींच्या तोंडून काढ्याचा उल्लेख निघाला आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने टाकलं: 'गुळवेल यकृत'. पहिली दोन पानं भरून 'यकृतासाठी वरदान'. नऊ ठिकाणी जवळपास तेच परिच्छेद, दोन ठिकाणी शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा सारख्याच. नऊ जणांनी सांगितलं म्हणून तिचा संशय अर्धा निवला होता. खरं तर ते एकच सांगणं नऊदा छापलेलं होतं.

तरी रात्री साडेदहाला तिने मला फोन केला. "अगं, तू ते डॉक्टरांचं काहीतरी शोधून देतेस ना? गुळवेलीने कावीळ होते का, एवढंच बघ."

तिसरा शोध माझा, पबमेडवर. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची ही सूची कुणालाही मोफत वापरता येते. पण तिथे 'गुळवेल' टाकून काही हाती लागत नाही. वनस्पतीचं शास्त्रीय नाव हवं: टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. त्याला इंग्रजीत 'लिव्हर' जोडलं आणि ढिगाने लेख आले. बहुतेक लेखांचा सूर पुन्हा तोच, गुळवेल यकृताचं रक्षण करते. फक्त ते यकृत उंदराचं होतं. कार्बन टेट्राक्लोराइड देऊन उंदराचं यकृत बिघडवायचं, मग वनस्पतीचा अर्क द्यायचा आणि एन्झाइम उतरतात का ते पाहायचं, ही प्रयोगाची जुनी पठडी आहे. 'यकृतासाठी वरदान'चा उगम बहुधा इथलाच. मधल्या प्रवासात उंदीर तेवढा गळला.

मग मी घाईत एक चूक केली आणि ती माझ्या पेशाला न शोभणारी होती. उंदीर टाळायचे म्हणून डावीकडचा 'ह्यूमन्स' हा फिल्टर लावला. यादी आखूड झाली, कामाचं काहीच उरलं नाही, आणि "विशेष काही दिसत नाही" असं मी तिला कळवणार होते. हा फिल्टर लेखाला लावलेल्या विषयसंज्ञांवर चालतो. तेव्हा ताज्या लेखांना त्या बऱ्याचदा लागलेल्या नसायच्या आणि काही नियतकालिकांच्या लेखांना लागतच नाहीत. हे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी शिकवते. रात्री अकरा वाजता मैत्रिणीच्या आईसाठी शोधताना मात्र विसरले. फिल्टर काढला, 'लिव्हर'च्या जागी 'लिव्हर इंज्युरी' टाकलं, ताजे लेख वर घेतले. मुंबईच्या यकृततज्ज्ञांचा लेख समोर आला. 'जर्नल ऑफ क्लिनिकल अँड एक्स्पेरिमेंटल हिपॅटॉलॉजी'मधला, जेमतेम महिन्याभरापूर्वीचा.

लेखात काय होतं, काय नव्हतं

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत पाहिलेले सहा रुग्ण. सगळ्यांनी प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेतली होती, सगळ्यांच्या यकृताला इजा झाली होती. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटते तेव्हा दिसतात तशी लक्षणं या इजेत दिसली होती. आधीपासून दबलेला असा आजार गुळवेलीमुळे उघडा पडत असावा, अशी शक्यता लेखकांनी मांडली होती.

मैत्रिणीला मी पहिल्यांदा सांगितलं ते हे, की सहा रुग्णांच्या नोंदीवरून 'असं होऊ शकतं' एवढंच कळतं. किती जणांना होतं, हे कळत नाही. हजारो माणसांनी काढा घेतला असेल आणि त्यांना काहीच झालं नसेल, ती माणसं या लेखात येणारच नाहीत. त्यांच्याच घरात वहिनी आणि दादा ठणठणीत होते.

याच शोधात दुसरी बाजूही सापडली. जुलै २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने या लेखावर जाहीर आक्षेप घेतला होता: रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती हे लेखकांनी तपासून दाखवलेलं नाही. तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते, आणि तेवढ्यावरून गुळवेलीला यकृतघातक ठरवणं चूक आहे.

मैत्रीण वैतागली. "म्हणजे डॉक्टर एक म्हणतात, सरकार एक म्हणतं. आपण काय करायचं?"

दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचल्यावर भांडण वाटलं तेवढं सरळ नव्हतं. मंत्रालयाचा मुद्दा वनस्पतीच्या ओळखीचा होता, आणि तो रास्त होता. पण त्यातून 'काकूंनी काढा चालू ठेवावा' असं निघत नव्हतं. वेल खरी गुळवेल असो की तिच्यासारखी दुसरी, पिवळ्या डोळ्यांच्या बाईने ती पीत राहण्याचं कारण दोघांपैकी एकाच्याही मजकुरात नव्हतं.

उत्सुकतेपोटी मी त्या व्हॉट्सॲप संदेशाचं मूळही शोधलं. ऑक्टोबर २०२० मध्ये मंत्रालयाने कोविडसाठी जाहीर केलेल्या मार्गदर्शनात गुळवेलीची घनवटी खरोखरच होती: ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, १५ दिवस किंवा एक महिना, किंवा वैद्य सांगतील तसं. संदेशात मंत्रालयाचं नाव आलं. मुदत आणि वैद्य दोन्ही वाटेतच सांडले. काकूंचे सात आठवडे त्या मुदतीत बसत नव्हते, आणि काढा अधिक गोळ्या हा हिशेब तर कुठेच नव्हता.

समोरचे पर्याय

दुसऱ्या दिवशी भावंडांचा आणि माझा फोन झाला. दादाचं म्हणणं, शेजारच्या गावी काविळीचं औषध देणारे आहेत, पिढीजात, पैसे घेत नाहीत, तिथे नेऊ. त्यासाठी गाडीसुद्धा ठरली होती. काकूंचं म्हणणं, लिव्हरवर भार नको, मी सगळंच बंद करते, थायरॉइडची गोळीपण. मैत्रिणीचं म्हणणं, आजच्या आज पुण्याला मोठ्या रुग्णालयात. चौथा मार्ग होता फक्त काढा आणि गोळ्या थांबवून, डॉक्टरांना खरं ते सांगून, विषाणूंच्या रिपोर्टची वाट पाहण्याचा.

माझं मत विचारलं गेलं. इथे मी पहिल्यांदा "मी डॉक्टर नाही" म्हटलं. इंटरनेटवरून आजार ठरवायचा नाही. तिथून डॉक्टरांना विचारायचा नेमका प्रश्न घेऊन यायचा, एवढीच माझी मर्यादा. थायरॉइडच्या गोळीबद्दल मी काहीच बोलले नाही, ती बंद करायची की नाही हे लिहून देणाऱ्यालाच विचारा म्हटलं. (डॉक्टरांनी ती चालूच ठेवायला सांगितली.)

पिढीजात औषधाबद्दल दादाला नको म्हणणं अवघड होतं. त्याच्या मित्राला तिथे गुण आला होता. विषाणूची कावीळ बहुतेकांची आपोआप उतरते, त्यामुळे त्या आठवड्यांत जे घेतलं असेल त्याला श्रेय मिळतं, हे मी त्याला समजावायला गेले, पण ते त्याला पटलं नाही. पटला तो वहिनींचा साधा सवाल: "त्या औषधात काय असतं ते तुम्हाला माहीत आहे का? आधीच एक पाला पोटात गेलाय. डॉक्टरांनी विचारलं तर दोन्हींतलं कुठलं सांगणार?" गाडी रद्द झाली.

काय केलं

वहिनींनी त्याच दिवशी काढा बंद केला. मैत्रिणीने डॉक्टरांसाठी एका पानावर चिठ्ठी केली: काय घेतलं, कधीपासून, किती, कशातून, लक्षणं कधी सुरू झाली. खाली लेखाचं नाव आणि त्यातल्या तीन ओळी. पूर्ण लेख छापून न्यायचा तिचा विचार होता, मी नको म्हटलं. ओपीडीत चाळीस माणसं बाहेर बसलेली असताना सात पानी लेख पुढे केला तर तो टेबलाच्या कडेला जातो. चिठ्ठी वाचली जाते.

डॉक्टरांनी ती वाचली. "हे आधी का नाही सांगितलंत?" असं विचारून ते स्वतःच म्हणाले, "मीच काढ्याचं नाव घेऊन विचारायला हवं होतं."

चारही विषाणूंचे रिपोर्ट निगेटिव्ह आले. सोनोग्राफीत पित्ताचे खडे नव्हते. एएनए ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली, म्हणजे प्रतिकारयंत्रणा उलटल्याची खूण असू शकते. थायरॉइडचा आजारही बऱ्याचदा त्याच जातीचा असतो. तिथून काकूंना शहरातल्या यकृततज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी बायोप्सीचा पर्याय ठेवला. घरच्यांनी पुन्हा मला फोन केला आणि मी दुसऱ्यांदा तेच वाक्य म्हटलं. तज्ज्ञांशी बोलून ठरलं की रक्त गोठण्याची तपासणी ठीक आहे, तेव्हा दर आठवड्याला रक्त पाहायचं आणि आकडे उतरले नाहीत तर बायोप्सी करायची.

परिणाम

दोन आठवड्यांत एसजीपीटी १,१२० वरून ६१० वर, पाचव्या आठवड्यात १९० वर. बिलिरुबिन सावकाश उतरलं, डोळे निवळायला सप्टेंबरचा शेवट उजाडला. अकराव्या आठवड्यात सगळे आकडे मर्यादेत आले. बायोप्सीची वेळ आली नाही.

तज्ज्ञांच्या कागदावर निदान असं होतं: वनौषधीमुळे यकृताला इजा, 'शक्यता मोठी'. मैत्रिणीला हे शब्द खटकले, ठाम का लिहीत नाहीत म्हणून. अशा इजेची खात्री देणारी एकच एक तपासणी नाही. बाकीची कारणं वगळत जायचं, औषध घेणं आणि त्रास होणं यांचं वेळापत्रक जुळवायचं, थांबवल्यावर आकडे उतरतात का ते पाहायचं आणि गुण मांडायचे. रूकॅम नावाच्या पद्धतीत ६ ते ८ गुण आले तर 'शक्यता मोठी' ही पायरी येते. पक्कं हवं तर पुन्हा काढा देऊन पाहायचा, आणि ते कुणी करत नाही.

२०२२ मध्ये 'हिपॅटॉलॉजी कम्युनिकेशन्स'मध्ये देशातल्या १३ केंद्रांचा मिळून लेख आला, त्यात ४३ रुग्ण. गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा मध्यक काळ ४६ दिवस, म्हणजे निम्म्यांना त्याआधी, निम्म्यांना त्यानंतर. या वेळी रुग्णांकडून मिळालेल्या काही नमुन्यांची रासायनिक तपासणीही केलेली होती, म्हणजे आधीच्या आक्षेपाला काही अंशी उत्तर होतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असल्याचं पुन्हा सांगितलं. मैत्रिणीने दोन्ही गोष्टी घरच्या ग्रुपवर टाकल्या. दादाने फक्त अंगठा पाठवला.

वेगळं काय करता आलं असतं

सात आठवड्यांत केव्हाही, कुणीही, 'किती दिवस घ्यायचा?' हे विचारलं असतं तरी मूळ मार्गदर्शनातली मुदत पाच मिनिटांत सापडली असती.

माझ्या बाजूने, मैत्रिणीचा प्रश्न मी जसाच्या तसा शोधला. 'गुळवेलीने कावीळ होते का' या प्रश्नात उत्तर आधीच ठरलेलं होतं. शोधताना होकाराकडे झुकत गेले असते आणि काकूंना विषाणूचीच कावीळ निघाली असती, तर मी त्या घराला विनाकारण भलत्या वाटेने नेलं असतं. 'थायरॉइड असलेल्या ५७ वर्षांच्या बाईला पावसाळ्यात कावीळ, कोणकोणती कारणं' असा प्रश्न घेऊन मी आधी एखादं पाठ्यपुस्तक उघडायला हवं होतं. पुस्तकं माझ्या मागच्याच कपाटात होती.

वेलीच्या ओळखीचं काम अर्धवट राहिलं. दादाने कांड्याचे आणि पानांचे फोटो काढले, मी ते आमच्या ओळखीच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवले. खोडावर क्रिस्पासारख्या बारीक गाठी नाहीत, चीक दुधाळ नाही असं दादा सांगतो, तेव्हा गुळवेलच दिसते, असं ते म्हणाले. पण नमुना हातात आल्याशिवाय लिहून देणार नाही, हेही म्हणाले. नमुना पाठवायचा राहून गेला.

आणि नोंद. औषधाच्या दुष्परिणामाची तक्रार सामान्य माणसालाही १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर करता येते. वनौषधींसाठी आयुषची स्वतंत्र नोंदव्यवस्था आहे. हे मला माहीत होतं. काकू बऱ्या होत आहेत या आनंदात कुणालाच ते सुचलं नाही, मलाही नाही. महिन्याभराने मी मैत्रिणीला आठवण केली तेव्हा तिने घरी फोन लावून घनवटीची बाटली मागितली. संतापाच्या भरात ती दादाने कधीच उकिरड्यावर फेकली होती. तिचा एकच फोटो शिल्लक आहे, दुकानातून आणली त्या दिवशी ग्रुपवर टाकलेला. त्यात उत्पादकाचं नाव अर्धं दिसतं, आणि बॅच क्रमांकावर दादाचा अंगठा आहे.